शिंगरापुढे वाजणारा डबा

परळच्या तबेल्यात एक म्हातारा रोज संध्याकाळी शिंगराला चारा घालताना पत्र्याचा डबा वाजवत बसायचा. प्राण्यांच्या छळाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या मला एवढा पुरावा पुरेसा होता. शिंगरू वेल्श जातीचं, बुटकं, पुण्याकडच्या फार्मवरून आणलेलं. बुजरं म्हणून स्वस्तात मिळालं, हे त्यानेच सांगितलं. म्हणजे उद्या वरातीत नाचवणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

शिंगराने कान मागे टाकले की त्याचा हात लगेच थांबे. मग तो तळहातावर गूळ ठेवून तोंड दुसरीकडे फिरवी. थोड्या वेळाने शिंगरू आपणहून जवळ येई. मला तेही नाटकच वाटलं.

"काका, मी तक्रार करणार आहे. हे जप्त होईल," मी सरळ सांगितलं.

"करा ताई. पण नेतील तिथे गणपतीत ढोल वाजत नाहीत ना, तेवढं बघा. माझं आधीचं शिंगरू ढोलाला बिथरून दोर तोडून पळालं, ते गाडीखाली गेलं. म्हणून ह्याला आत्तापासून आवाजाची सवय लावतोय. तुम्ही पत्रकं ढोलवाल्यांना पण देता काय हो?"

आम्ही देत नव्हतो. मंडळांशी वाकडं घ्यायची आमची छाती नव्हती. एकट्या म्हाताऱ्याला दम देणं सोपं होतं.

वरातीचा संशय मला अजून आहे. तक्रार मात्र मी केली नाही, आणि ढोलांवरचं पत्रकही अजून लिहिलेलं नाही.