आधी संडास दाखवा

माझ्या नातीला, कुसुमला दोन स्थळं सांगून आली, एक मुलुंडचं, एक अंधेरीचं, आणि मी जाहीर केलं की घरं बघायला मी जाणार. हे लिहून घेतेय ती हीच कुसुम. लिही गं, लाजायचं नंतर.

"आई, या वयात कशाला दगदग?" माझा मुलगा दत्तू म्हणाला.

"तुम्ही पुरुष कपाटं बघून परत येता. मी संडास बघणार."

गेल्या साली आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या घाणीनं कुसुमला विषमज्वर झाला. पोर हातची जाता जाता राहिली. पुन्हा तसल्या घाणीत तिला द्यायची नाही, एवढं मनाशी पक्कं करून दत्तूला बरोबर घेतलं आणि निघाले.

मुलुंडला जाणार असाल तर ऊन चढायच्या आत पोचा. स्टेशनाबाहेर टांगा मिळतो, पण भाडं ठरवल्याशिवाय पाय वर ठेवू नका. घर काय झकास! दहा खोल्या, अंगणात चिकू, समोर तुपातला शिरा.

"शिरा राहू द्या, आधी संडास दाखवा," मी म्हटलं. यजमानांना खोकलाच लागला.

विहिरीला लागून टोपलीचा संडास, मैला खालच्या टोपलीत पडणारा! मागच्या बोळातून एक बाई मैल्याची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. पाटी गळत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"आजी, रस्त्याला गटारच नाही. मी एकटा खाडीपर्यंत नळ कसा घालू?" यजमान म्हणाले.

ते खरंच होतं. माणूस बंगला बांधेल, विहीर खणेल, पण गावाची घाण वाहून नेणारा नळ सरकारनंच घालायला हवा. पुतळे काय, नंतर उभारा! त्या विहिरीच्या पाण्याचा शिरा मी दत्तूच्याही तोंडाला लागू दिला नाही.

मग बसनं अंधेरी. कुर्ल्याला बस बदलावी लागते, तिथली कांदाभजी चुकवू नका. अंधेरीच्या नव्या सरकारी चाळीत जिना चढलो, तर वरच्या मजल्यावर एक तरुण लुंगी खोचून, ब्रश घेऊन संडास घासतोय.

"बाबा रे, आम्ही स्थळ बघायला आलोय, कचेरीत असतो तो माधव कुठं राहतो?"

"मीच माधव. चार बिऱ्हाडांत एक संडास, या आठवड्यात आमची पाळी."

दत्तूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्ही स्वतः घासता?"

"काका, मैला पाण्यानं जातो. घासायला दुसरा कोण कशाला हवा?"

"ही साखळी ओढू?" मी विचारलं.

"ओढा की, आजी."

ओढली! वरून असा लोंढा कोसळला की मी किंचाळून दत्तूला मिठी मारली. लगेच पुन्हा ओढली, तर थेंब नाही. "मोडली रे माझ्या हातून!"

"टाकी भरू द्या," माधव हसू दाबत म्हणाला. मी तिथंच उभी राहिले, टाकी भरली आणि परत ओढली. अख्खा मजला बघायला जमला होता.

घरी आल्यावर दत्तूनं सुरू केलं, "दोनच खोल्या आहेत तिथं. आणि संडास घासणारा जावई?"

"जिला नांदायचंय तिला विचार," मी म्हटलं.

कुसुम पदराशी चाळा करत पुढं आली. मग हळूच म्हणाली, "आजी, इथं तर नाही, पण तिथल्या संडासाच्या दाराला आतून कडी आहे?"

"आहे. पितळेची."

"मग बाबांना सांग, अंधेरी."