आत्याच्या अर्जावरचा शेरा

पैसे भरून घरबसल्या थेट कार्यक्रम बघायची सोय विकणाऱ्या एका कंपनीत आमची आत्या कामाला होती. तिला सगळे 'वायरवाली' म्हणायचे. प्रेक्षक वाढले की प्रत्येकाचं ऑनलाइन तिकीट तपासता तपासता तिथलं चित्र अडकायचं. चित्र न अडकता हजारो तिकिटं एकदम तपासायची युक्ती आत्याने शोधली आणि कंपनीने तिचं पेटंट घ्यावं म्हणून साहेबांकडे अर्ज दिला. त्या दीडशहाण्याने तो न वाचताच वर शेरा मारला, "कंपनीला यात रस नाही," खाली सही ठोकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वायरवाली, चहा सांग."

आत्याने चहा सांगितला. अर्ज मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला, नोकरी सोडली आणि पेटंट स्वतःच्या नावावर मिळवलं. पेटंटच्या कागदांत ती छापून आल्यावर साहेबाने तीच युक्ती कंपनीत बिनदिक्कत वापरली. तीन वर्षं आत्या गप्प. मी चिडले की म्हणायची, "चढू दे त्याला. उंचावरून पडला की जास्त लागतं."

मग तिने दावा लावला. नोकरीत असताना लागलेला शोध कंपनीचाच आहे, असं साहेबाचा वकील ठणकावून म्हणाला. आत्याने पिशवी उघडली. कोर्टाने शेरा वाचला आणि आत्याच्या परवान्याशिवाय ती युक्ती वापरायला बंदी घातली.

दुसऱ्याच दिवशी साहेब आमच्या दारात. "ताई, परवाना द्या हो. सगळं बंद पडलंय."

"लेखी अर्ज द्या."

त्याने उभ्याउभ्याच लिहून दिला. आत्याने तो न वाचताच वर शेरा मारला, "मला यात रस नाही," खाली सही केली आणि मला हाक मारली,

"चहा टाक गं. आपल्या दोघींपुरताच."