हार्ड डिस्कला ‘अहो’ म्हणणारा

सिल्वासाजवळ नरोलीच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा धुळ्याचा माणूस मशीनला ‘अहो’ म्हणायचा आणि साहेबांना ‘अरे’ म्हणणं जेमतेम टाळायचा. त्याने मशीनवर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकल्यापासून एक फाइल कॉपी व्हायला अर्धा दिवस लागे. साहेबांनी त्या मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटर बाईंना कामचोर ठरवून कामावरून काढायचं पक्कं केलं.

दुरुस्तीवाल्याने येऊन हार्ड डिस्कचा वेग मोजला, कमांडची एक ओळ टाइप केली आणि चहा यायच्या आत तीच फाइल कॉपी झाली.

“वेगाची सेटिंग मीच चालू केली नव्हती,” तो साहेबांना म्हणाला. “कामचोर मी. बाई नाय.”

साहेबांनी त्याचंच येणं बंद केलं. निघताना त्याने बाईंना ती ओळ कागदावर लिहून दिली.

“मशीन बंद करून चालू केलं की सेटिंग उडते, तेव्हा हे टाका, ताई. नायतर परत तुम्हीच कामचोर.”