चाळणीनं नापास केलेली मिरची

"मोठीमाय, तुझं बियाणं नापास झालं. तपासणी मीच केली," ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली. चप्पलही काढली नव्हती. बियाणं कंपनीसाठी जाळीच्या नेटमध्ये पिकवलेली सगळी मिरची, इतक्या महिन्यांची मेहनत, एका वाक्यात गेली. ही माझ्या धाकट्या जावेची मुलगी, जालन्यात त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. गाव तिला चाळणी म्हणायचं.

ते नाव मीच ठेवलेलं. लहानपणी डाळ निवडायला दिली की खडे तर काढायचीच, किडका दाणाही सोडायची नाही. इकडं चूल पेटून डाळीची वाट बघायची. "चाळणे, जल्दी कर," म्हटलं की विचारायची, "तुला जल्दी पायजे का डाळ पायजे?"

बारावीला चांगले मार्क पडले. जाऊ म्हणाली नर्स हो, दीर म्हणाले मास्तरीण हो. ही भोकरदनहून जैवतंत्रज्ञानाचा फॉर्म घेऊन आली. "त्याचं करायचं काय?" दिरांनी विचारलं.

"मोठीमाय फुलाला पराग लावती. तो खरंच लागला का न्हाई, ते मला रोपाच्या पानातून काढून बघायचंय. आन् पगार बी चांगला ऱ्हातो."

पगाराचं ती कधी लपवायची नाही. मला ते आवडलं. मी चौथी शिकलेली, पण घरात तिच्या बाजूनं एकटी मीच बोलले. नोकरी लागल्यावर गावच्या मास्तरांनी पगार विचारला. तिनं सांगितला. मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता माझी चूक. मिरचीची कळी संध्याकाळी सोलून तिच्यातला नर काढतात. सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. त्या हंगामात माझा भाऊ वारला. माहेराहून परत आले तोवर पुष्कळ कळ्या आपोआप फुलून फळं धरली होती. त्यांत दुसऱ्या जातीचा पराग नसतो, म्हणून ती तोडून टाकायची असतात. मी त्यांनाही दोरे बांधले. कोणाला कळतंय, असं वाटलं.

प्रयोगशाळेत पिशवीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. निकाल लिहून दिल्यावर तिला कळलं की बियाणं माझं. तशीच एसटीनं घरी आली.

"बरीच रोपं नुसती आईचीच निघाली, बापाचा पत्ता न्हाई," ती म्हणाली. "दोरे तू बांधलेस?"

"बांधले."

जाऊ मध्येच म्हणाली, "घरचंच हाय ना? परत तपास आन् पास लिहून दे."

"मंग हे जी बाई पेरल, तिनं कुणाच्या दारात जावं?"

जावेला मी गप्प बसवलं. पोरीला म्हटलं, चप्पल काढ, जेवून घे. ती दोन भाकरी खाऊन गेली.

कंपनीनं बियाणं घेतलं नाही, पुढच्या हंगामाला बियाणं पिकवायचा प्लॉटही दिला नाही. या वयात मी दुसऱ्याच्या नेटमध्ये रोजानं कळ्या सोलल्या. बरोबरच्या बाया टोचायच्या, "कुणाच्या पोरीनं केलं गं हे?" मी सांगायचे, "आमच्या. दुसऱ्या कोणाच्या पोरीला जमलं असतं का?"

नंतर प्लॉट परत मिळाला. तिला हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेनं बोलावलं, आता वर्षातून एकदा येते. त्या हंगामातून आम्ही दोघीही सावरून बाहेर निघालो. ती तिकडं नोकरीत आहे, मी इथं आमच्या गावात, धावड्यात, माझ्या नेटमध्ये आहे.