सासऱ्यांनी जुळवलेले रेणू

अकरावीच्या मुलींची रसायनशास्त्राची शिकवणी मी बिबवेवाडीतल्या आमच्या घरीच घेते. सासरे खिडकीशी पेपर वाचत बसतात. म्हणजे तसं दाखवतात. आयुष्यभर मार्केट यार्डात लिंबांचा व्यापार केलेला माणूस.

गेल्या हिवाळ्यात ऐन चाचणीच्या आदल्या दिवशी माझा घसा पार बसला. तिघी मुली दारात उभ्या. मी खुणेनं "आज नाही" सांगत होते, तेवढ्यात सासरे म्हणाले, "आल्यात तर बसू दे. तीन वर्षं तेच ऐकतोय. एव्हाना भिंतींनाही पाठ झालं असेल."

त्यांनी स्वयंपाकघरातून लिंबं आणली. "ही लिंबं म्हणजे शेवटच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन." एका मुलीला एक दिलं, ती सोडियम. दुसरीला सात, ती क्लोरिन. "तुझं ते एकुलतं देऊन टाक. आत आठांची भरलेली कक्षा आहेच तुझ्याकडे. आणि हिचीही आठ होतील."

लिंबू या हातातून त्या हातात गेलं.

"झालं. आता दोघी आपापल्या घरी."

मी टेबलावर थाप मारली आणि वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरी नाही! एक धन झाला, एक ऋण. एकमेकांना ओढतात. तोच बंध!'

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं. "बरोबर. चुकलो." आमच्या घरात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

मग दोन क्लोरिन. दोघींकडे सात-सात.

"तू दे."

"मी का? तूच दे की!"

सासऱ्यांनी दोघींकडून एकेक लिंबू काढून मधल्या ताटलीत ठेवलं. "ही जोडी दोघींची. मोजा आता."

"सहा आणि दोन, आठ!"

"अय्या, माझीही आठ!"

तिसरी म्हणाली, "आजोबा, ही चीटिंग आहे. लिंबं चौदाच आहेत."

"चीटिंग नाही, भागीदारी. ताटली सोडून कुणी लांब जाऊन दाखवा."

मी आवाज नसताना इतकी हसले की खोकल्याची उबळ आली.

माझा आवाज परतला तोवर निकालही लागला. चाचणीत बंधांच्या प्रश्नाला तिघींनाही पूर्ण गुण मिळाले. सासरे एवढंच म्हणाले, "मग? शिकवलं कुणी होतं?" त्या संध्याकाळी मात्र चहा त्यांनीच केला. कप माझ्यापुढे ठेवून जरा संकोचत विचारलं, "सूनबाई, तांब्याच्या तारेत हे इलेक्ट्रॉन कसे राहतात?"

चहा निवला, पण मी सांगतच होते.