दुसरं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आत्यालाही नाही — आणि तीच ही गोष्ट दर लग्नात, दर बारशात कौतुकाने सांगते. ती सांगते तसं घडलं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगते.

आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवी माझी. मोबाईल नुकते घरोघरी येत होते, पण सगळ्यांचे इंग्रजी कागद वाचून घ्यायला यायचे ते अंबरनाथ पूर्वेला, आमच्या दोन खोल्यांत. लाइट बिलं, विम्याची पत्रं, एकदा तर कोर्टाची नोटीस. मी वाचून सांगायची, आई चहा ठेवायची. किती आवडायचं मला ते.

आत्याच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर. मग कंबरेच्या हाडातली मज्जा काढून तपासायला दिली. रिपोर्ट हातात पडल्यावर ती बेलवलीला घरी न जाता थेट माझ्याकडे आली. पहिलं पान हाडांच्या स्कॅनचं — त्यात काही निघालं नव्हतं, तेवढं मला कळलं. दुसरं पान मज्जेचं. त्यातलं काहीच कळेना. पण 'मला कळत नाही' म्हणायचं — त्या घरात, मी? ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, सगळं साफ आहे.

काकाने जिलेबी आणली. आत्या म्हणाली, "घरात ग्रॅज्युएट असताना डॉक्टरकडे हेलपाटे कशाला घालू गं?" सगळे हसले. मीही. डॉक्टरांनी दिलेली तारीख तिने जाऊ दिली — मी बघत राहिले.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातूनच फोन आला, तसे आम्ही सगळे तिच्याबरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच्या सुट्या पेशी स्कॅनला दिसत नाहीत, मज्जेत थोड्या सापडल्यात. औषधं लगेच सुरू करू. दुसऱ्या पानावर लिहिलंय की. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याने माझा हात धरला. "मला धीर राहावा म्हणून पोरीने लपवलं हो, डॉक्टर."

मी मान खाली घातली.

आत्या बरी झाली. परवा नातवाच्या हळदीत दम लागेपर्यंत नाचली, मग मला जवळ ओढून पाहुण्यांना म्हणाली, हिचं काळीज बघा केवढं. मीही नाचले तिच्याबरोबर. तो आनंद खरा होता.

पण मी काही लपवलं नव्हतं. मला ते पान वाचताच आलं नव्हतं — आणि ती तीन आठवडे औषधाविना राहिली, ती माझ्या तोऱ्यापायी.