टॉर्क मारलेले दात

"मॅडम, पार्ट खराब झालाय ना? मग काढा आणि नवा टाका," महेश म्हणाला. त्याचे वडील, महाळुंग्याचे सोपानकाका, माझ्या आकुर्डीच्या क्लिनिकमध्ये आ वासून खुर्चीत पडले होते. त्यांचे खालचे सगळे दात चार इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या चार स्क्रूंवर उभे. मागच्या दोन स्क्रूंभोवती हिरडी टम्म सुजलेली. जरा दाबलं की पू. एक्स-रेत तिथलं अर्धं हाड गायब.

"हाड म्हणजे काही स्पेअर पार्ट नव्हे," मी म्हटलं. "स्क्रू काढले तर हाड आणखी जाईल. खाली नस आहे. नवे बसतीलच असं नाही."

"म्हंजे परत कवळी?" काका उठूनच बसले. "माझ्या सेंड-ऑफला भाषण करताना कवळी सुटून माईकवर पडली हुती. समदी कंपनी हसली. न्हाई मॅडम, ते परत न्हाई." त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं.

पण रागही आला होता. वरचे स्वतःचे दात लख्ख आणि खाली किटणाचा थर! "काका, खाली ब्रश लावता का कधी?"

"हातच लावत न्हाई."

"अरे देवा! का?"

"हे दात बसवले त्या डॉक्टरांनी माझ्यासमोर पान्यानं टॉर्क मारला, म्हंजे ठरल्या जोरानं स्क्रू आवळले. म्हणले, जपा. मी कंपनीत असेंब्ली लायनीवर जन्म काढलाय. टॉर्क मारून बोल्टवर खूण केली की परत त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

मी कपाळावर हात मारला. माणूस हयगय करत नव्हता, नको तिथं शिस्त पाळत होता.

"आणि मशीनची साफसफाई कोण करायचं?"

"आमीच की!"

"मग हेही मशीनच समजा."

भूल देऊन हिरडी उघडली. सडलेलं मांस खरवडून काढलं. स्क्रूच्या आट्यांत बसलेलं किटण घासून धुतलं, खड्ड्यांत हाडाची भुकटी भरली, वर पातळ पडदा घालून टाके घेतले. असे स्क्रू वाचवणं हे माझं रोजचं काम.

"टिकंल ना?" काकांनी विचारलं.

"माझं काम झालं. आता तुमच्या ब्रशवर आहे."

काका रोज ब्रश लावू लागले. सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेत खड्डे बरेच भरलेले दिसले. पू थांबला, हिरडी गुलाबी झाली. दोन्ही स्क्रू वाचले.

परवा काका तपासणीला आले. "पुतण्याच्या साखरपुड्यात भाषण ठोकलं मॅडम. माईकवर काय बी पडलं न्हाई!"

हल्ली इम्प्लांटच्या पेशंटला मी 'जपा' म्हणत नाही. 'घासा' म्हणते.